सुनेची खेळणी

आमच्याकडे नवा पाहुणा आला की तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी थबकतो. आत शर्यतीच्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या असतात. वीतभर लांबीच्या, तारांच्या चाकांच्या, चिरुटासारख्या अंगाच्या. पाहुणा वाकतो, चष्मा नीट करतो आणि विचारतो, "अरे वा! हे कुणाचं?" आणि इतकी वर्षं माझे सासरे पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, "सुनेची खेळणी आहेत."

मी दातांची डॉक्टर आहे. बिबवेवाडीत माझा स्वतःचा दवाखाना आहे. चारचौघांत आवाज चढवणारे आडदांड लोक माझ्या खुर्चीत बसून देवाचं नाव घेतात. पण या दोन शब्दांनी माझं डोकं असं फिरायचं, की पाहुण्यांच्या चहात साखर घातली की मीठ हेही कळायचं नाही. खेळणी म्हणे! खेळणं दुकानातून आणलं की लगेच खेळता येतं. माझ्या गाड्या खोक्यातून निघतात तेव्हा त्या गाड्या नसतातच. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे असतात, आणि सोबत एक जपानी सूचनापत्रक. त्यातलं अक्षरही मला कळत नाही, चित्रं तेवढी कळतात. एकेक तुकडा कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. एका गाडीत सहा-सहा महिने जातात. मूल व्हायला नऊ लागतात, पण त्यात रंगकाम नसतं.

हा नाद लागला तो पेशंट नव्हते म्हणून. दवाखाना नवा होता आणि बिबवेवाडीतल्या लोकांचे दात तेव्हा फारच मजबूत होते. समोरच्या चहावाल्याला दया येऊन तो विनाकारण दात दाखवून जायचा. मग एकदा कॅम्पातल्या एका बंद पडत चाललेल्या दुकानात, धूळ बसलेल्या खोक्यावर मला एक हिरवी गाडी दिसली. तिच्यात चामड्याची टोपी घातलेला एक माणूस मान बाहेर काढून बसला होता, आणि मुख्य म्हणजे सीट एकच होती. शेजारी बसून "अगं ब्रेक, ब्रेक!" म्हणणारं कुणी नाही. मागे बसून "डावीकडून घ्यायला हवं होतं" म्हणणारं कुणी नाही. मी स्वतः सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही, पण ते चित्र काही हातातून खाली ठेववेना. खोकं घेतलं, दवाखान्यात आणलं आणि पेशंटच्या ट्रेमध्ये उघडलं.

लगेच लक्षात आलं, की ह्या कामासाठी लागतं ते सगळं माझ्याकडे आहेच. दात टोकरायची सुई घेऊन बॉनेटची रेघ खोल करता येते. दात घासून गुळगुळीत करायचं चाक प्लास्टिकलाही चालतं. एखादा तुकडा हरवला तर कवळीच्या मसाल्यातून नवा ओतता येतो. आणि चाकातल्या तारा? त्या मी वाकडे दात सरळ करायला वापरते त्याच तारांच्या करते. बारीक, चकचकीत, हव्या तशा ताणणाऱ्या. माझ्या कपाटातली एकेक गाडी म्हणजे बिबवेवाडीतल्या अर्ध्या शाळकरी पोरांचं हसू आहे.

लहान तुकडे हरवतात हे खरं. एका गाडीचा आरसा मोहरीएवढा होता. तो एकदा सकाळीच चिमट्यातून उडाला. मी, नवरा आणि टॉर्च असे तिघं फरशीवर रांगत होतो. संध्याकाळी नवऱ्याने ऑफिसातून येऊन मोजा काढला, तर आरसा तळपायाला चिकटलेला. दिवसभर हिंजवडी फिरून आला होता तो. माझ्या गाड्यांपैकी सगळ्यात लांबचा प्रवास त्या आरशाने केला.

आता सासऱ्यांबद्दल. मी त्यांना बाबा म्हणते. बाबांची सगळी नोकरी ट्रकच्या कारखान्यात गेली, आणि कारखान्याने त्यांना एक सण दिला: खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवून धुवायची, पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सण सुटला नाही. त्या दिवशी सकाळी बाबा ताट घेऊन घरभर फिरतात. ताटात झेंडू, अक्षता, हळद, लिंबू आणि एका वाटीत तेलात कालवलेलं कुंकू. हे तेल कारखान्याची शिकवण. कोरडं कुंकू यंत्रावर टिकत नाही, पहिल्या झटक्याला उडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लावलेलं कुंकू आमच्या मिक्सरवर होळीपर्यंत दिसतं.

त्यांचा नियम एकच. जे राबतं, त्याची पूजा. त्यामुळे त्यांची स्कूटर, नवऱ्याची गाडी, शिलाई मशीन, विळी, गॅसची शेगडी, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळ्यांना मान. वायफायच्या डबीलाही एक बोट कुंकू. "या घरात सगळ्यात जास्त तीच राबते," हे नवऱ्याकडे बघून. माझ्या कानशी, कात्र्या, चिमटे यांनाही कुंकू मिळतं, कारण ती हत्यारं आहेत. एका वर्षी तर त्यांनी स्वतःची कवळी डबीतून काढून ताटात ठेवली, डबीला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. ती कवळी मीच केलेली.

पण काचेच्या कपाटापाशी आले की ताट पुढे निघून जायचं.

मी एकदा न राहवून म्हणाले, "बाबा, इकडे राहिलं."

"काय राहिलं?"

"गाड्या राहिल्या."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "चाकं फिरतात?"

"फिरतात की. स्टिअरिंग वळवलं तर पुढची चाकंसुद्धा वळतात."

"छान. मग जातात कुठे?"

"कुठे म्हणजे? जात नाहीत कुठे."

"झालं तर. डॉक्टर, जी कुठे जात नाही तिला गाडी म्हणत नाहीत." ते मला डॉक्टर म्हणाले की समजायचं, पुढे बोलण्यात अर्थ नाही.

सांगायला लाज वाटते, पण त्या बोटभर कुंकवासाठी मी दरवर्षी जीव टाकायचे. दर खंडेनवमीला कपाटाच्या काचा लखलखीत पुसून ठेवायचे, नव्या गाडीला पुढच्या ओळीत आणायचे, आणि स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे की पावलं थांबतात का. नवरा म्हणायचा, "अगं, एवढं काय? मी लावतो कुंकू." त्याला काय कळणार! कुठल्यातरी क्लबाने दिलेला चषक आणि घरच्या माणसाने लावलेलं बोट, या दोन्हींत मला काय हवं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मी पांढरी गाडी करायला घेतली. पांढरा रंग हा रंगांमधला जावई. कितीही करा, रुसतो. एक केस पडला की दिसतो, एक बोट लागलं की दिसतं. पातळ पातळ हात देत जावं लागतं, आणि मधल्या वेळात घरात कुणी फोडणी करायची नाही. आम्ही त्या काळात बऱ्याचदा दहीभात खाल्ला. गाडी पूर्ण व्हायच्या सुमारास कर्वेनगरातल्या एका शाळेच्या सभागृहात, दसऱ्यानंतरच्या रविवारी, हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. त्यात स्पर्धाही होती. मी आजवर कधी भाग घेतला नव्हता. या वेळी नाव दिलं.

त्याच वर्षी बाबांची स्कूटर गेली. सोसायटीत शिरताना ती फाटकावर आदळली. बाबांचं म्हणणं, "फाटक मध्ये आलं." फाटक तिथे सोसायटी बांधल्यापासून आहे. बाबांना लागलं नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि बाबांनी वाद घातला नाही. याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं. स्कूटर नवऱ्याच्या मित्राने नेली. त्यानंतर बाबा दुपारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसू लागले. "पंखा इथे चांगला लागतो," म्हणाले. पंखा मी रंगासाठी बंद ठेवायचे.

बसल्या बसल्या ते विचारायचे. हे काय, ते काय. मी त्यांना त्या पांढऱ्या गाडीची गोष्ट सांगितली. खरी गाडी शर्यतभर सगळ्यांच्या पुढे होती, आणि शेवटच्या फेरीत, शेवटची रेघ दिसत असताना, बंद पडली. चालक खाली उतरला आणि ढकलत निघाला.

"पेट्रोल बघितलं नसणार," बाबा म्हणाले.

"तसंच काहीतरी."

"मग? पोचला?"

"पोचला. नंबर गेला, पण पोचला."

"हं," ते म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी मी दवाखान्यात होते. तिथेही पूजा असते. माझ्या खुर्चीला हार घालतात आणि पुढच्या पेशंटच्या मानेला झेंडू टोचतो. पांढरी गाडी घरी टेबलावर होती. रंग पूर्ण वाळला होता, शेवटचा वार्निशचा हात तेवढा बाकी होता. तो दुपारी द्यायचा असं ठरवून मी गेले होते. वार्निश नसलेला मऊ पांढरा रंग म्हणजे टीपकागद. जे लागेल ते पिऊन टाकतो.

दुपारी घरी आले. टेबलाकडे पाहिलं आणि पर्स हातातून सुटली.

गाडीच्या नाकावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. शेजारी हळद. टिळ्यावर अक्षता. चालकाच्या डोक्यावर झेंडूचं एक फूल, म्हणजे चालक नव्हताच, फूलच गाडी चालवत होतं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. लिंबू चिरडायला गाडीचं वजन पुरेना, म्हणून ते आधी अर्धं कापलेलं होतं, आणि त्या फोडीवर एक चाक चढवून माझी गाडी पुढचा पाय उचललेल्या म्हशीसारखी तिरकी उभी होती. नारळ फोडला नव्हता, एवढीच देवाची कृपा.

"बाबा!" मी अशी ओरडले की समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी गॅलरीत आलं.

नवरा धावत आला, परिस्थिती पाहून दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "पुसून टाक ना." लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी हा माणूस जगातल्या प्रत्येक संकटावर फडकं मारू पाहतो. मी कापसाच्या काडीला साबणाचं पाणी लावून टिळ्याची कड हलकेच टिपली. कुंकू तेलातलं. ते निघालं नाही, पसरलं. गाडीचं नाक गुलाबी झालं, सर्दी झाल्यासारखं. हळदीचा पिवळा घेर तर रंगाच्या आत जाऊन बसला होता.

बाबा दारात उभे होते. हातात ते ताट तसंच.

"बाबा, रविवारी स्पर्धा आहे! सहा महिने! तुम्हाला माहीत होतं ना? रोज इथेच बसत होता ना तुम्ही? आणि इतकी वर्षं हात लावला नाहीत, तो आजच लावायचा होता? वार्निशच्या आधी?"

मी आणखीही बरंच बोलले. त्यांनी मला बोलू दिलं. मग ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खाली गेलो होतो ताट घेऊन. सवयीने. पार्किंगमध्ये आपल्या स्कूटरच्या जागेवर कुणीतरी लहान पोराची सायकल लावलीय. परत वर आलो. कुंकू कालवलेलं होतं."

"म्हणून उरलेलं कुंकू माझ्या गाडीला?"

"उरलेलं नाही." ते पहिल्यांदाच जरा चिडले. "तुझ्यासाठी वेगळं कालवलं. त्यात तेल जास्त घातलं, टिकावं म्हणून."

ते खुर्चीत बसले, आणि कपाटाकडे पाहत म्हणाले, "कुठे जात नाही तिला गाडी म्हणत नाहीत, असं मीच म्हणायचो ना? आता मी तरी कुठे जातो, डॉक्टर?"

या वेळी त्या 'डॉक्टर'मध्ये खोच नव्हती. मला इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं की कशाला आधी वाट द्यावी ते कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. तिघांनीही तो बिनसाखरेचा तसाच संपवला.

रविवारपर्यंत दिवस होते. नाक घासून पुन्हा पांढरं करणं अशक्य नव्हतं. नवऱ्याने पश्चात्तापाच्या भरात, खरं तर त्याचा काही दोष नसताना, बारीक पॉलिश पेपर आणून दिला. दसऱ्याला बाबांनी मला सोनं दिलं, मी त्यांच्या पाया पडले, गाडीचा विषय दोघांनी काढला नाही. संध्याकाळी मी पेपर पाण्यात भिजवला, गाडी डाव्या हातात धरली आणि टिळ्यावर पेपर टेकवला.

हात चालेना. रोज माणसांचे दात कराकरा घासणारा माझा हात, तो चालेना. ज्या बोटभर कुंकवासाठी मी इतकी वर्षं काचा पुसल्या, ते मिळालं होतं. चुकीच्या दिवशी, चुकीच्या तेलात, पण मिळालं होतं. ते घासून टाकून त्या जागी कुणा परक्या परीक्षकाला आवडेल असा पांढरा रंग द्यायचा? हे म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. मी पेपर झटकून खिडकीत वाळत टाकला, आणि गाडीला, कुंकवासकट, वार्निशचा हात दिला.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसलेले.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"पूजा केलेली गाडी आज पहिल्यांदा बाहेर निघालीय. कुठे जाते ते बघायला नको?"

नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं होतं. म्हणजे कर्वेनगरला गाडी मला न्यावी लागली असती, आणि दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही बक्षीस समारंभाला पोचलो असतो. आम्ही रिक्षा केली.

सभागृहात सगळी तरुण मंडळी होती, बहुतेक कंप्युटरवाली, गळ्यात ओळखपत्र घालून, जणू रविवारीही कुणी आत सोडणार नाही. लढाऊ विमानं होती, रणगाडे होते, मोटारसायकली होत्या. माझ्या वयाची बाई मी एकटीच. एकाने मला विचारलं, "काकू, मुलाचं मॉडेल आहे का?" मी त्याच्या दातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खालच्या डाव्या दाढेत कीड आहे तुमच्या. लवकर दाखवा." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

परीक्षक आला. तिशीतला, नम्र, हातात छोटा टॉर्च. गाडीभोवती टॉर्च फिरवत म्हणाला, "मॅम, स्पोक्स अमेझिंग आहेत. कसल्या केल्यात?"

"दातांच्या तारा."

"वॉव." टॉर्च नाकावर आला आणि थांबला. "पण मॅम, इथे हे रेड स्टेन... पेंट ब्लीड झालाय का? ओरिजिनल गाडीवर असं काही नव्हतं."

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "नव्हतंच. म्हणून तर ती शेवटच्या फेरीत बंद पडली."

परीक्षकाने वळून पाहिलं. "सर, सॉरी?"

"कुंकू आहे ते," बाबा म्हणाले. "खंडेनवमीचं. तुमच्या घरी वाहनाला लावत नाहीत का?"

"लावतो की. कार, बाइक, सगळ्यांना... पण सर, हे स्केल मॉडेल आहे."

"बरं," बाबा म्हणाले. पुण्यात हा शब्द कसा उच्चारला की समोरच्याने निघून जायचं असतं, हे त्या मुलाला ठाऊक होतं. तो पुढच्या टेबलाकडे गेला.

बक्षीस एका रणगाड्याला मिळालं. त्याच्यावर मुद्दाम चिखल, गंज आणि तेलाचे डाग रंगवले होते, आणि त्या डागांचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाबांनी तो रणगाडा नीट वाकून पाहिला. "धुतलेला दिसत नाही," एवढंच म्हणाले.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. स्पर्धेत भाग घेतलेल्याला हरायचं वाईट वाटणारच. परतताना रिक्षात गाडीचं खोकं मी मांडीवर घेणार, तर बाबांनी ते स्वतःकडे ओढलं आणि दोन्ही हातांनी धरलं. खाली हादरा बसू नये म्हणून माझा रुमाल मागून घेऊन खोक्याखाली अंथरला. स्वारगेटच्या आधी रिक्षा एका खड्ड्यातून गेली आणि बाबांनी खोकं छातीशी उचलून धरलं.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "काय हाय आजोबा त्यात? केक हाय का?"

मी बाहेर बघू लागले. हे उत्तर मला पाठ होतं.

"गाडी आहे," बाबा म्हणाले.

"आँ? गाडी?"

"गाडी. आमच्या घरातली गाडी आहे, नवीन. तेव्हा जरा खड्डे बघून घ्या."

रिक्षावाल्याने वेग कमी केला. माझा रुमाल खोक्याखाली होता, म्हणून मी डोळे ओढणीने पुसले.